वहीत काय लिहायचे नाही: विस्थापित कुटुंबांच्या संरक्षणाची देखरेख, खान्देशातील कार्यकर्त्यांसाठी

दंगलीनंतर किंवा गावातले भांडण विकोपाला गेल्यानंतर घर सोडणारी कुटुंबे खान्देशात सहसा तंबूत दिसत नाहीत. ती मालेगावला मावशीकडे, सुरतेला दिराकडे, नाहीतर नंदुरबारला एखाद्या ओळखीच्याच्या पडवीत जाऊन राहतात, आणि महिनाभरात ‘पाहुणे आले आहेत’ एवढीच त्यांची ओळख उरते. धुळ्यात २००८ च्या ऑक्टोबरमध्ये दंगल झाली. पुढे ६ जानेवारी २०१३ ला खाणावळीतल्या बिलाच्या वादावरून ती पुन्हा उसळली आणि पोलीस गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. अशा घटनांची मोजदाद मृत, जखमी आणि जळालेली दुकाने यांवर थांबते. कोण कुठे निघून गेले आणि तिथे त्यांचे काय चालले आहे, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो विचारणाऱ्या संस्थांच्या, महिला मंडळांच्या आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी ही कार्यपद्धती लिहिली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ सालच्या ‘अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे’ या दस्तऐवजात एकूण ३० तत्त्वे आहेत. सशस्त्र संघर्ष, सर्वत्र पसरलेला हिंसाचार, मानवी हक्कांचे उल्लंघन किंवा आपत्ती यांमुळे, अथवा त्यांचे परिणाम टाळण्यासाठी, ज्यांना राहते घर सोडणे भाग पडले आणि ज्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही, अशा लोकांना तो दस्तऐवज विस्थापित म्हणतो. यातला ‘टाळण्यासाठी’ हा शब्द आपल्या कामाचा आहे. ज्याचे घर जळाले नाही, पण शेजारचे जळालेले पाहून जो रात्रीतून निघाला, तोही विस्थापितच. ही तत्त्वे बंधनकारक कायदा नाहीत आणि भारतात अंतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे हक्कांचा आधार आपल्या नेहमीच्याच कायद्यांत शोधावा लागतो. खान्देश ही युद्धभूमी नाही हे खरे, पण युद्धग्रस्त प्रदेशांत घडत गेलेली देखरेखीची पद्धत दंगलीनंतरच्या मोहल्ल्यालाही लागू पडते, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घरालाही लागू पडते, आणि ‘डाकीण’ ठरवून सातपुड्याच्या पाड्यातून हाकललेल्या बाईलाही.

देखरेख म्हणजे पंचनामा नव्हे आणि जनगणनाही नव्हे. ठरावीक काळाने त्याच लोकांकडे व त्याच वस्तीकडे परत जाऊन धोका कमी झाला की वाढला, कोणाचा वाढला आणि त्यावर काय करता येईल हे समजून घेणे, एवढाच तिचा अर्थ आहे. माझ्या मते या कामाचा एकच कडक नियम आहे: ज्या उत्तरावर आपण काही करू शकत नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. पुढची प्रत्येक पायरी याच नियमातून निघते.

आधी सेवांची यादी, मग प्रश्नावली

बहुतेक ठिकाणी उलटे घडते: आधी चाळीस प्रश्नांचा फॉर्म छापला जातो, आणि एखादी बाई रडत काही सांगू लागली की मग कोणाला फोन करायचा याची शोधाशोध सुरू होते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस एकाही कुटुंबाला न भेटता सेवांची यादी करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बालकल्याण समिती, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, रेशनचे काम पाहणारी तहसीलची पुरवठा शाखा आणि गटशिक्षणाधिकारी यांची नोंद त्यात असावी. तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, कायदेविषयक मदतीसाठी १५१०० आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून पाहावा, आणि यादीत तिथले कामकाजाचे वार, लागणारी कागदपत्रे, महिला कर्मचारी आहे की नाही आणि एसटीचे भाडे हेही लिहावे. मोलगीहून नंदुरबारला जाऊन त्याच दिवशी परत येता येते का, हा प्रश्न ‘सेवा उपलब्ध आहे’ या शेऱ्यापेक्षा अधिक खरे सांगतो.

विधी सेवा प्राधिकरणाबाबत एक गोष्ट अनेक वकिलांच्याही लक्षात नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार किंवा मोठी आपत्ती यांना बळी पडलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांना तो स्वतंत्रपणेही आहे.

यादी तयार झाली की प्रश्नावली तिच्याशेजारी ठेवून एकेक प्रश्न तपासावा. ‘मुले शाळेत जातात का?’ हा प्रश्न राहतो, कारण शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि हे मुख्याध्यापकांना सांगून मूल वर्गात बसवता येते. ‘तुमच्या घरावर कोण चालून आले होते?’ हा प्रश्न मात्र काढून टाकावा. आपण तपास अधिकारी नाही. ते नाव आपल्या काही उपयोगाचे नसते आणि सांगणाऱ्याला मात्र महागात पडू शकते.

गावात शिरताना

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाइलवरून पसरलेली अफवा त्यामागे होती. आपल्या कामाच्या दृष्टीने ही घटना नीट आठवणीत ठेवावी, कारण आपणही अनोळखी असतो, गावोगाव फिरतो आणि घरात मुले किती हे विचारतो. म्हणून पहिल्या भेटीला कधीही अचानक जाऊ नये. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना आदल्या दिवशी कळवावे, ओळखपत्र लावावे, बाजाराच्या दिवशी लोकांच्या समोर स्वतःची ओळख करून द्यावी आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. मात्र कळवणे वेगळे आणि परवानगीच्या नावाखाली कोणाला सोबत घेऊन फिरणे वेगळे. गावचा पुढारी बाजेवर शेजारी बसलेला असताना विस्थापित माणूस ‘सगळं बरं शे’ याखेरीज दुसरे काही बोलणार नाही.

पथकात निदान एक स्त्री आणि एक पुरुष असावा, आणि वाद दोन समाजांतला असेल तर दोन्हींतले कोणी तरी असावे. भाषेकडे दुर्लक्ष झाले तर सगळेच वाया जाते. धुळे-अमळनेर भागात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली किंवा तडवी, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिलोरी. प्रमाण मराठीत विचारलेल्या ‘तुम्हाला सुरक्षित वाटते का?’ या प्रश्नाला सातपुड्यात नुसती मान डोलावली जाते. त्यापेक्षा ‘रात्री झोप लागते का, बाहेर जायला कोणाला सोबत घेता?’ असे त्यांच्या बोलीत विचारावे. दुभाषा त्या घराच्या नात्यातला नसावा, आणि मुलाला तर दुभाषा कधीच करू नये.

कुटुंबे सापडतात कुठे

नातेवाइकांच्या घरात मिसळून गेलेली कुटुंबे शोधण्यासाठी दारोदार यादी करत फिरणे धोक्याचे असते, कारण त्या फिरण्यातूनच त्यांचा पत्ता उघड होतो. त्याऐवजी खुणांवरून जावे. अंगणवाडीत अचानक वाढलेली मुले, रेशन दुकानात दुसऱ्या तालुक्याचे कार्ड घेऊन येणाऱ्या बाया, हजेरीपटावर सलग गैरहजर असलेली नावे, एका खोलीबाहेर सुकत घातलेले दोन कुटुंबांचे कपडे, केळीच्या बागेत किंवा जिनिंगमध्ये कमी मजुरीवर नव्याने लागलेले मजूर. निरोप आशाताईंमार्फत द्यावा आणि कुटुंबाला स्वतःहून भेटू द्यावे. काही येणार नाहीत. त्यांच्या मागे लागू नये.

एक घोटाळा खान्देशात हमखास होतो. दिवाळीनंतर सातपुड्यातली आणि साक्री-नवापूरकडची असंख्य घरे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि इतरत्र जातात. पाड्यातली अर्धी दारे बंद दिसतात आणि होळीच्या सुमारास, आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून, गाव पुन्हा भरू लागते. त्यामुळे जानेवारीतले कुलूप हे ‘तोडीला गेले’ याचे आहे की ‘निघून गेले’ याचे, हे शेजाऱ्याला नेमके विचारावे लागते. कोंबड्या कोणाच्या ताब्यात दिल्या आहेत, म्हातारी माणसे मागे राहिली आहेत का आणि घरावरचे पत्रे काढून नेले आहेत का, या तीन गोष्टींवरून बहुधा उलगडा होतो. पत्रे नेणारा माणूस होळीला येत नाही.

आधी पाहावे, मग विचारावे

प्रत्येक भेटीचा पहिला अर्धा तास वही न काढता वस्तीतून चालण्यात घालवावा. नळावर किंवा हातपंपावर कोण मागे उभे आहे, शौचालयाला आतून कडी आहे का, रात्री दिवा कुठवर पोहोचतो, मुली कोणता रस्ता टाळतात, कोणाच्या दुकानातून कोणी घेत नाही, हे पाहावे. एकाच फेरीत फार काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काय बदलले ते कळते, म्हणून शक्यतो तोच मार्ग ठेवावा. वेळही पाळावी. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दुपारी दोनला गेलेल्या पथकाला फक्त आजारी आणि म्हातारी माणसे भेटतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी गेले तर तीसुद्धा नाहीत.

बोलणे

बैठकीला बसताना चार गोष्टी आधी स्पष्ट सांगाव्यात: आपण कोण आहोत, विचारलेले कशासाठी वापरले जाईल, उत्तर दिल्याने किंवा न दिल्याने मदत मिळणार वा थांबणार नाही, आणि मध्येच उठून जायला हरकत नाही. त्यानंतर पाचवी, अवघड गोष्ट. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो (मुलांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायदा, २०१२ नुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. म्हणजे ‘तुम्ही सांगाल ते गुप्त राहील’ हे सरसकट आश्वासन खोटे ठरते. ही मर्यादा ऐकणाऱ्याला आधी माहीत असली पाहिजे. नंतर सांगणे हा विश्वासघात आहे.

गटचर्चा स्त्रियांची, पुरुषांची आणि तरुणांची वेगवेगळी घ्यावी आणि सहा ते दहा माणसांपलीकडे जाऊ देऊ नये. गटात कोणालाही ‘तुझ्यावर काय गुदरले’ असे विचारायचे नाही. ‘इथे आलेल्या बायांना कोणत्या अडचणी येतात’ असे सर्वसाधारण विचारायचे. पुरुषांच्या गटात पोलीस, खटले, शेत आणि उधारी यांवर बोलणे होते. स्त्रियांच्या गटात पाणी, सासरघरातली कुरबूर, मुलींची लग्ने. दोन्ही ऐकल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, आणि दोन्हींत न आलेल्यांचा शोध तर घ्यावाच लागतो: अंथरुणाला खिळलेले, विधवा, मूकबधिर, आणि ज्या सुनेला घराबाहेर पडू दिले जात नाही ती.

‘डाकीण’ ठरवलेल्या बाईबाबत विशेष सावध राहावे. ती ज्या माहेरी किंवा बहिणीकडे आली आहे, तिथे तो आरोप अजून पोहोचलेला नसेल, तर आपल्या चौकशीनेच तो पोहोचेल. तिला एकटीला, दुसऱ्या एखाद्या निमित्ताने भेटावे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात लागू आहे आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदाही आहे, पण तक्रार करायची की नाही आणि कधी करायची, हे तिनेच ठरवायचे. आपण कायद्याचे कलम आनंदाने सांगून मोकळे होतो. गावात राहायचे तिला असते.

कागदपत्रांचा विषय मात्र मोकळेपणाने, गटातही काढावा, कारण त्यावर बहुतेक वेळा काही करता येते. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि सातबारा यांच्या प्रती पुन्हा मिळतात, आणि रेशन आता देशात कुठल्याही दुकानातून उचलता येते. सातपुड्यात आणखी एक कागद जिवापाड जपायचा असतो, तो म्हणजे वनहक्क दाव्याची पोच. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो; कुटुंब पाडा सोडून गेले आणि कागदही हरवले, तर त्या जमिनीवरचा हक्क शाबीत करणे फार कठीण होते. दाव्याची प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असू शकते, म्हणून शोध तिथून सुरू करावा.

गंभीर गोष्ट कानावर आली तर

लैंगिक हिंसेची प्रकरणे शोधत फिरू नये, पण एखादी स्त्री सांगू लागली तर ऐकून घेणे टाळूही नये. तपशील खोदू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत आणि जितकी लवकर तितकी चांगली, हे तिला सांगावे. शासकीय असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात आणि त्यासाठी आधी तक्रार नोंदवलेली असणे गरजेचे नाही; मात्र रुग्णालय पोलिसांना कळवते, हेही सांगावे आणि मग निर्णय तिच्यावर सोपवावा. गुन्हा धुळ्यात घडला आणि ती नंदुरबारला आली असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेनुसार ती जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवली जाणारी फिर्याद, देऊ शकते. सोबत जायचे असेल तर आपण जावे, तिच्या वतीने बोलू नये.

वही

सुरुवातीच्या काळात मी एका वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव, मोहल्ला, सध्याचा पत्ता आणि ‘अडचण’ असे चार रकाने एकाच ओळीत लिहिले होते. एका कार्यालयात ती वही पाच मिनिटे टेबलावर राहिली आणि संध्याकाळपर्यंत एका पानाचा फोटो तिघांच्या मोबाइलवर होता. कोणाला इजा झाली नाही, पण त्यातली दोन कुटुंबे त्याच आठवड्यात पुन्हा दुसरीकडे निघून गेली. त्यांना दुसऱ्यांदा विस्थापित करण्याचे काम माझ्या अक्षराने केले.

तेव्हापासूनची पद्धत अशी. वहीत फक्त सांकेतिक क्रमांक, वयोगट, तालुका आणि गरज. क्रमांक कोणाचा, हे सांगणारा किल्लीचा कागद वेगळा, कुलपात, एकाच व्यक्तीकडे. जात, धर्म, हल्लेखोराचे नाव आणि खटल्याचा तपशील वहीत येत नाही. चेहऱ्याचे वा घराचे फोटो काढायचे नाहीत; काढलेच तर मोबाइलचा आपोआप होणारा बॅकअप बंद आहे का ते पाहायचे. व्हॉट्सॲपच्या गटावर कुटुंबाविषयी एक ओळही टाकायची नाही, गट आपल्याच पथकाचा असला तरी. अहवालात पाचपेक्षा कमी संख्या गावाच्या नावासह छापू नये. ‘अमुक गावात दोन विधवा’ म्हटले की त्या दोघी कोण हे सगळा तालुका ओळखतो.

अर्थ लावणे

जमलेल्या माहितीकडे तीन बाजूंनी पाहावे: बाहेरून येणारा धोका, त्याला बळी पडण्याची शक्यता वाढवणारी परिस्थिती, आणि लोकांची स्वतःची ताकद. समजा, ऊसतोडीचा मुकादम नेहमी पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, पण यंदा विस्थापित घरांना ती उन्हाळ्यातच देऊ लागला आहे. इथे मुकादमाची सक्ती हा धोका, दुकान जळाल्याने आलेली उपासमार आणि रेशन न मिळणे ही परिस्थिती, आणि बायांचा बचत गट अजून चालू असणे ही ताकद. मुकादमाशी भांडून काही होणार नाही; रेशन सुरू करणे आणि बचत गटातून लहान कर्ज मिळवून देणे यांनी उचल घेण्याची गरजच कमी होते. उचल फेडण्यासाठी माणसाला अडकवून ठेवले जात असेल, तर मात्र ते १९७६ च्या कायद्याने बंदी घातलेल्या वेठबिगारीकडे जाते आणि जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत न्यावे लागते.

अशाच काही खुणा दर भेटीत तपासाव्यात: घाईने ठरलेली अल्पवयीन मुलीची सोयरीक, शाळेतून काढून कामाला लावलेला मुलगा, विकलेली शेळी किंवा बैलजोडी, यजमान घराशी सुरू झालेली धुसफूस. शेवटची खूण विसरली जाते. तीन महिने दोन चुली एका खोलीत पेटल्यावर यजमानाचीही परीक्षा होते, म्हणून मदतीच्या यादीत यजमान घर असले पाहिजे. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट निदान दुसऱ्या स्वतंत्र वाटेने पडताळावी. तोवर ती ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी.

पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, पुढे महिन्यातून एकदा जावे. सण, मिरवणूक, निवडणूक किंवा कोर्टाची तारीख जवळ आली की मधली भेट वाढवावी.

परतणे आणि काम आवरणे

मार्गदर्शक तत्त्वांतले २८ वे तत्त्व स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने परतण्याविषयी आहे. त्यात परतण्याबरोबरच देशात दुसरीकडे वसण्याचा मार्गही आहे. ‘शांतता समितीची बैठक झाली, आता सगळे परत या’ असा निरोप आला की काही गोष्टी तपासाव्यात: जाऊन घर पाहून येण्याची संधी मिळाली का, बाईला वेगळे विचारले का, मदत बंद करण्याची भीती घातली का, आणि परतीसाठी तक्रार मागे घेण्याची अट आहे का. अट असेल तर ती स्वेच्छा नव्हे, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहावे. परतलेल्या घरांना पहिल्या महिन्यात दोनदा भेटावे. किराणा कोणाकडून घेतात आणि मुले कोणासोबत खेळतात एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

काम संपवताना प्रत्येक कुटुंबाला निदान दोन आठवडे आधी सांगावे, अपुरे राहिलेले अर्ज कोण पाहील त्याचे नाव द्यावे, आणि चालू खटल्याची कागदपत्रे ज्यांची त्यांना परत करावीत. मग पथकातल्या दोघांच्या समोर किल्लीचा कागद जाळावा, आणि तो जाळल्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी.